वाचकांचे प्रश्न : गागाउझांच्या गावी

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी निवृत्त शिक्षिका असून माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असे. माझा भाचा मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाउ येथे, वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि त्याच्या पदवीदान समारंभासाठी मी व माझे यजमान तेथे जाणार आहोत. त्या देशाच्या दक्षिण भागात गागाउझ नावाचे लोक राहतात, ते तुर्की वळणाची भाषा बोलतात आणि तरीही ख्रिस्ती आहेत, असे वाचनात आले. त्यांच्या कोमरात या गावी जाऊन यावे असे मनात आहे. परंतु सहली ठरवून देणाऱ्या एका गृहस्थांनी ‘तिकडे पाहण्यासारखे काही नाही, उगाच एक दिवस वाया जाईल’ असे सांगितले. तेथे जाण्यात अर्थ आहे काय? गेल्यास काय पाहावे? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, तेव्हा खाण्याची सोय कशी होईल? आमच्या घरची भाषा तेलुगू असून मराठी, हिंदी व कामापुरती इंग्रजी येते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पाहण्यासारखे म्हणजे किल्ला, राजवाडा किंवा ज्याच्यापुढे रांग लागते असे काही, असा अर्थ घेतला तर कोमरातमध्ये तसे काही नाही. याल्पुग नदीच्या काठी वसलेले सुमारे वीस हजार वस्तीचे हे शांत गाव आहे. त्याचा मुख्य रस्ता अजूनही लेनिनच्या नावाने ओळखला जातो आणि सरकारी कचेरीपुढे लेनिनचा पुतळाही उभा आहे. पिवळ्या रंगाने रंगविलेले एक मोठे चर्च, एक विद्यापीठ, एक बाजार, एक-दोन संग्रहालये आणि अंगणात द्राक्षवेलींचे मांडव घातलेली बैठी घरे एवढ्यात गाव संपते. सकाळी दहाला उतरून दुपारी चारला परत फिरणाऱ्या प्रवाशाच्या हाती पुतळ्याच्या छायाचित्रापलीकडे फारसे काही लागत नाही. आपण मात्र इतिहास शिकविलेला आहे आणि आपल्या घरची भाषा एक व रस्त्यावरची दुसरी आहे. त्यामुळे माझे उत्तर ‘अवश्य जावे, पण एक रात्र मुक्काम करावा’ असे आहे.

मुक्कामाचा आग्रह का, हे कळण्यासाठी त्या प्रदेशाची थोडी माहिती हवी. गागाउझिया हा मोल्दोव्हातील स्वायत्त प्रदेश असून कोमरात ही त्याची राजधानी आहे. सोव्हिएत संघ विस्कळीत होऊ लागला तेव्हा १९ ऑगस्ट १९९० रोजी येथील पुढाऱ्यांनी स्वतंत्र गणराज्य घोषित केले. त्यानंतर काही काळ वातावरण फार तापले. परंतु निस्तर नदीपलीकडच्या भागात १९९२ मध्ये जसे युद्ध झाले तसे येथे झाले नाही आणि २३ डिसेंबर १९९४ च्या कायद्याने स्वायत्ततेवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी गावोगाव मतदान घेऊन कोणती गावे या प्रदेशात राहणार ते ठरविण्यात आले. त्यामुळे नकाशावर हा प्रदेश सलग दिसत नाही, त्याचे तुकडे मधल्या गावांनी एकमेकांपासून वेगळे केलेले दिसतात. एकूण क्षेत्रफळ १,८३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याचा साधारण आठवा हिस्सा. २०१४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ लाख ३४ हजार होती आणि तीत पाचांपैकी चारांहून अधिक लोक गागाउझ होते.

एवढे बहुसंख्य असूनही कोमरातच्या रस्त्यावर कानावर पडते ती मुख्यतः रशियन भाषा, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा येथेच हिरमोड होतो. गागाउझ, रोमानियन व रशियन या तिन्ही भाषांना प्रदेशात अधिकृत स्थान आहे. पण शाळांचे माध्यम बहुतांशी रशियन असून गागाउझ हा एक विषय म्हणून शिकविला जातो. दुकानाच्या पाट्या, सरकारी कामकाज, तरुणांच्या गप्पा यांत रशियनचाच वरचष्मा आहे आणि युनेस्कोने गागाउझची गणना धोक्यात आलेल्या भाषांमध्ये केलेली आहे. भाषा आहे ती घरात, आजी-नातवंडांच्या बोलण्यात, खेड्यांत आणि सकाळच्या बाजारात. पूर्व भागात पद्मशाली घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याच माणसाच्या तोंडी मराठी येते, हे ज्यांनी रोज अनुभवले आहे, त्यांना कोमरातचा बाजार अनोळखी वाटण्याचे कारण नाही. तेथे सकाळी लवकर जावे, मेंढीच्या दुधाचे खारवलेले चीज, लोणच्याच्या बरण्या व सुकविलेल्या मिरच्यांच्या माळा घेऊन बसलेल्या बायकांपाशी थोडे रेंगाळावे आणि दोघी शेजारणी आपापसांत काय बोलतात ते ऐकावे. तुर्की दूरदर्शन मालिका मूळ भाषेत पाहण्याची सवय असणाऱ्यांना त्यातले बरेच ओळखीचे वाटेल, कारण गागाउझ व तुर्की या भाषा फार जवळच्या आहेत.

गावातील चर्च संत योहान बाप्तिस्माकर्त्याच्या नावाचे असून ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जाणे उत्तम. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बसण्यासाठी बाकांच्या रांगा नसतात, लोक उभे राहून प्रार्थना करतात. म्हणून यजमानांचे गुडघे दुखत असल्यास भिंतीलगत जे थोडे बाक असतात तेथे बसावे, त्यात कोणी गैर मानत नाही. बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी आणि पुरुषांनी टोपी काढावी. आपण साडी नेसून गेलात तर पदराचे काम परस्पर होईल आणि तेथील आज्या चौकशीलाही येतील. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, आणि प्रार्थना चालू असताना घेऊच नये.

इतिहासाच्या शिक्षिकेसाठी येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. जानेवारी १९०६ मध्ये, रशियन साम्राज्यात क्रांतीचे वारे वाहत असताना, कोमरातच्या शेतकऱ्यांनी झारच्या अधिकाऱ्यांना बाजूला सारून गावाचा कारभार आपल्या हाती घेतला आणि काही दिवस तो चालविला. मग सैन्य आले व सगळे संपले. मे १९३० मधल्या सोलापूरचे ते दिवस, त्यानंतरचा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी ज्यांच्या शहराच्या स्मरणात आहे, त्यांना ही घटना तळटीप वाटू नये. कोमरातच्या संग्रहालयात गेल्यावर तिथल्या बाईंना १९०६ बद्दल जरूर विचारावे. अशा प्रश्नाने संग्रहालयातली माणसे बोलती होतात, हा माझा अनुभव आहे.

परंतु एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी कोमरातच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या बेशालमा या खेड्याचे नाव घेईन. तेथील संग्रहालय १९६६ मध्ये दिमित्री कारा-चोबान यांनी उभे केले. ते १९३३ साली त्याच गावात जन्मले, मॉस्कोला साहित्याचे शिक्षण घेऊन गावी परतले, कविता लिहिल्या, चित्रे काढली, मूर्ती घडविल्या आणि गावातील माणसांचे व चालीरीतींचे चित्रीकरणही केले. सोव्हिएत काळात एका लहान समाजाच्या खेड्यात, कोणताही मोठा खजिना हाताशी नसताना, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांतून नांगर, रांजण, चरखे, पोशाख, जुनी कागदपत्रे मागून आणून त्यांनी हे संग्रहालय भरले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आज ते गागाउझांचे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. राजधानीऐवजी एका खेड्यात राष्ट्रीय संग्रहालय असावे, यातच या लोकांच्या वारशाचा पत्ता सापडतो, असे मला वाटते.

विणकरांच्या घरातून येणाऱ्या वाचकाने तेथील मागांपुढे व गालिच्यांपुढे वेळ काढावा. हे गालिचे गाठी मारून केलेले, लवदार नसतात. ते आपल्या सतरंजीसारखे सपाट विणीचे असतात. सोलापुरी चादरीत जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना पाडलेली भोके नक्षी ठरवितात आणि धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो. येथे तसे नाही. विणकर बाई एका गुलाबाच्या पाकळीपुरता लाल लोकरीचा धागा ताण्यातून हाताने ओढते, तेथेच परत फिरविते आणि शेजारच्या पानासाठी हिरवा धागा वेगळा चालविते. बाण्याचा धागा संपूर्ण पन्ह्यातून जातच नाही. दोन रंग जेथे भेटतात तेथे बारकाईने पाहिल्यास वीण कशी वळली आहे ते दिसते आणि काळ्या जमिनीवरचे गुलाब एवढे ठसठशीत का उठतात तेही कळते. पूर्वी असे गालिचे मुलीच्या रुखवतात देत. घरातील पाहुण्यांच्या खोलीत ते भिंतीवर टांगलेले आणि उशा-पांघरुणांची चवड पेटीवर रचून ठेवलेली, अशी मांडणी संग्रहालयात पाहायला मिळते. एखाद्या घरी चहाला बोलावणे आले तर तीच मांडणी वापरात असलेलीही दिसू शकेल.

आता जेवणाचे. हा मेंढपाळांचा व द्राक्षबागांचा मुलूख असल्यामुळे मेजवानी म्हणजे मटण आणि घरची वाइन असाच तेथील समज आहे. मटणाची काउर्मा आणि त्याबरोबर बुलगूर, म्हणजे गव्हाचा जाडसर भरडा, हे मानाचे जेवण. शाकाहाऱ्यांसाठी क्विर्मा आहे : अगदी पातळ लाटलेल्या पोळीत चीज भरून ती गुंडाळायची, वेटोळे करून थाळ्यात मांडायची आणि भट्टीत भाजायची. गोझ्लेमे नावाची चीज भरलेली तळलेली पोळी मिळते, बटाट्याच्या व कोबीच्या भरल्या पोळ्या मिळतात, मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगाही मिळते. मात्र क्विर्मात पुष्कळदा अंडे असते. अंडेही चालत नसेल तर एक युक्ती सांगतो. ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टर आणि ख्रिसमसच्या आधीचे अनेक आठवडे, मांस, अंडी व दूध वर्ज्य करतात; म्हणून ‘शाकाहारी’ हे समजावीत बसण्यापेक्षा ‘पोस्नोये’ म्हणजे उपवासाचे जेवण मागावे. शेंगांचे सूप, कोबी, बटाटा, भाजलेल्या मिरच्या असे पदार्थ समोर येतील. काही उपवासांना मासे चालतात, तेवढे विचारून घ्यावे. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्यावी, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच. घरी बोलावणे आल्यास वाइनचा पेला पुढे केला जाईल. घ्यायची नसेल तर छातीवर हात ठेवून एकदाच स्पष्ट नको म्हणावे. ओठ लावून पेला खाली ठेवला तर तो पुन्हा भरला जातो.

प्रवास अवघड नाही. किशिनाउहून कोमरात सुमारे शंभर किलोमीटर आहे. दक्षिणेकडील बसस्थानकावरून मिनीबस सुटतात आणि साधारण दोन तासांत पोहोचवितात. बेशालमासाठी कोमरातमध्ये टॅक्सी ठरवावी व तिला थांबवून घ्यावे. बुधवार ते शुक्रवार असा मधला काळ निवडल्यास जेवणाची सोय सोपी होईल. शनिवारी पोहोचून रविवारी परतल्यास चर्चमधील प्रार्थना मिळेल. मला विचाराल तर दुसरा पर्याय बरा, मात्र रविवारी संग्रहालय उघडे आहे की नाही याची आधी दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. इंग्रजी जाणणारे लोक थोडे आहेत. आपला भाचा एवढ्या वर्षांत कामापुरती रशियन किंवा रोमानियन शिकला असेल, त्याला सोबत घ्यावे. युक्रेनची सीमा जवळ आहे आणि रशिया-युरोप हा तेथील घराघरांतला नाजूक विषय आहे. आपण पाहुणे आहोत, तेव्हा ऐकून घ्यावे आणि मत देऊ नये. निघण्यापूर्वी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना व मोल्दोव्हाच्या व्हिसाचे चालू नियम पाहून घ्यावेत.

प्रश्न : तुर्की भाषा बोलणारे लोक ख्रिस्ती कसे झाले? की ख्रिस्ती लोकांनी तुर्की भाषा स्वीकारली? कृपया खुलासा करावा.
— इतिहासाचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही शक्यता मांडणारे विद्वान आहेत आणि त्यांचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एक मत असे की तेराव्या शतकात सेल्जुक सुलतान दुसरा इझ्झेद्दीन कैकावूस याच्यासोबत जे तुर्क काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील दोब्रुजा प्रदेशात आले, त्यांतले काही तेथेच राहिले व ख्रिस्ती झाले. दुसरे मत त्यांचा संबंध त्याआधी उत्तरेकडील गवताळ मैदानांतून आलेल्या ओघुझ, पेचेनेग व कुमान टोळ्यांशी जोडते. तिसऱ्या मतानुसार हे मूळचे बल्गेरियन किंवा ग्रीक ख्रिस्ती असून ऑटोमन अमलात त्यांची भाषा तुर्की झाली. लिखित पुरावा तुटपुंजा असल्यामुळे प्रत्येक राष्ट्राच्या अभ्यासकाने आपल्याला सोयीचे मत उचलून धरले, हेही ध्यानात ठेवावे.

त्यापुढचा इतिहास मात्र पक्का आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत, रशिया व तुर्कस्तान यांच्यात एकामागून एक युद्धे होत असताना, हे लोक बल्गेरियन शेजाऱ्यांसह डॅन्यूब ओलांडून उत्तरेस आले. १८१२ च्या तहाने बेसारेबिया, म्हणजे आजच्या मोल्दोव्हाचा बहुतेक भाग व त्याच्या दक्षिणेचा मुलूख, रशियाकडे गेला, तेथील नोगाई तातार निघून गेल्याने त्याच्या दक्षिणेकडील बुजाकचे कोरडे माळरान ओस पडले होते, आणि झारच्या सरकारला तेथे कसणारे हात हवे होते. जमीन व सवलती मिळाल्या आणि गावे वसली. या माळरानाने पुढे त्यांची कठोर परीक्षा पाहिली : १९४६-४७ मध्ये अवर्षण आणि सोव्हिएत सरकारची सक्तीची धान्यवसुली एकत्र आल्यामुळे दुष्काळ पडला आणि मोल्दोव्हाच्या दक्षिणेकडील गावांत माणसे भुकेने मेली. आपल्या जिल्ह्यातल्या दुष्काळाच्या आठवणी वाचलेल्या विद्यार्थ्याला अवर्षण व दुष्काळ यांतला फरक सांगण्याची गरज नाही.

धर्म व भाषा यांची सांगड घालण्याचे मोठे श्रेय मिखाइल चाकिर या धर्मगुरूंना जाते. ते १८६१ मध्ये आजच्या गागाउझियातील चादिर-लुंगा येथे जन्मले. चर्चमधील भाषा स्लाव्होनिक, म्हणजे जुनी स्लाव्ह धर्मभाषा, असल्यामुळे लोकांना आपल्याच प्रार्थना कळत नाहीत, हे पाहून त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून प्रार्थना व शुभवर्तमानाचे भाग गागाउझमध्ये आणण्यास आरंभ केला. १९३४ मध्ये बेसारेबियातील गागाउझांचा इतिहासही गागाउझमध्येच लिहिला आणि १९३८ मध्ये ते वारले. त्यांच्या प्रार्थनांत देवाला ‘अल्ला’ असेच संबोधन आहे आणि आजही गागाउझ ख्रिस्ती तेच म्हणतात. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या माणसाला तेथे ‘हाजी’ म्हणत. सरकारी पातळीवर या भाषेला लिपी मिळाली ती १९५७ मध्ये, आणि तीही रशियन. १९९० च्या दशकात ती बदलून रोमन झाली. म्हणजे आजोबांनी वाचलेल्या आणि नातवाच्या हाती येणाऱ्या गागाउझ पुस्तकांची लिपी वेगवेगळी आहे. संशोधनासाठी विषय शोधत असाल तर मूळ वंश कोणता या प्रश्नात गुरफटण्यापेक्षा १९५७ नंतरच्या शाळा, लिपी आणि छापील पुस्तके यांचा अभ्यास करावा, तेथे कागदपत्रे तरी आहेत.

प्रश्न : गागाउझ प्रदेशात जाण्यासाठी मे महिना चांगला की नोव्हेंबर? उन्हाचा त्रास होतो का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : पंढरपूरकरांना तेथील ऊन जाणवणारही नाही, त्रास झाला तर जानेवारीतील बर्फाचा आणि त्यानंतरच्या चिखलाचा होईल. मे व नोव्हेंबर हे आपण अचूक निवडले आहेत, कारण गागाउझांचे वर्ष याच दोन ठिकाणी दुभंगते. ६ मे रोजी संत जॉर्जचा सण, हेदेरलेझ, येतो. त्या दिवसापासून मेंढ्या माळावर सोडत आणि धनगरांशी हंगामाचा करार होई. ८ नोव्हेंबरला संत देमेत्रियसचा सण, कासिम, येतो. तेव्हा हिशेब होऊन कळप मालकांकडे परत जात. कासिमनंतर लगेच ‘लांडग्याचे दिवस’ पाळण्याची चाल होती आणि कळपाला लांडग्याची बाधा होऊ नये म्हणून त्या दिवसांत बायका शिवणकाम करीत नसत, कात्रीला हात लावीत नसत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोमरातमध्ये वाइनचा उत्सव भरतो. गावोगावचे लोक पदार्थ व हस्तकला घेऊन येतात आणि एरवी शांत असलेले गाव गजबजते. थोड्या वेळात पुष्कळ पाहायचे असेल त्यांच्यासाठी तो सोयीचा. माझी पसंती मात्र मे महिन्याला आहे. माळ हिरवा असतो, हवा सुखद असते आणि हेदेरलेझच्या सुमारास चादिर-लुंगा येथे घोड्यांच्या शर्यती होतात. हा सण कोकराचा बळी देऊन साजरा होतो आणि ते मांस बुलगूरबरोबर शिजवून वाटले जाते, हे माळकऱ्यांनी आधीच जाणून असावे. शर्यती पाहून दुपारी कोमरातला परतणे त्यांना सोयीचे पडेल. त्या आठवड्यासाठी राहण्याची खोली अगोदर ठरवावी आणि चादिर-लुंगाला जाण्या-येण्याची गाडी आदल्या दिवशीच पक्की करावी. सणाच्या दिवशी मिनीबसवर विसंबू नये.